घरातला सरकारी नोकर गेल्यावर: अनुकंपा नियुक्ती सोप्या भाषेत

दहावं-तेरावं उरकतं, गावाकडचे पाहुणे परततात आणि मग घरात कोणीतरी विषय काढतं, "त्याच्या जागेवर आता पोराला लावून घेतील." ठाण्यात आणि नवी मुंबईत हे वाक्य किती घरांत बोललं जात असेल! जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, दोन महापालिका, बेलापूरचं कोकण भवन, सिडको, रेल्वे, पोस्ट. कळवा-मुंब्र्यापासून नेरूळपर्यंत सरकारी पगारावर चालणारी घरं गल्लोगल्ली आहेत. धीर द्यायला म्हणून वाक्य चांगलं आहे, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द नियमाप्रमाणे चुकीचा आहे. "त्याची जागा" राखून ठेवलेली नसते. "पोराला"च मिळते असंही नाही. आणि "लावून घेतील" म्हणजे आपोआप होईल, हा समज तर घराचं सगळ्यात मोठं नुकसान करतो.

मी बरीच वर्षं आस्थापना शाखेत काम केलं. अनुकंपाच्या, म्हणजे सेवेत असताना गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला नोकरी देण्याच्या, फायली हाताखालून गेल्या. ज्यांचा खरोखर हक्क बनत होता अशी कुटुंबं केवळ तारीख चुकली, नाव चुकीचं दिलं किंवा पोच घेतली नाही म्हणून मागे पडताना पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा वारसा नाही

सरकारी नोकरी सगळ्यांसाठी खुली असते. राज्यघटनेचं कलम १६ नोकरीत समान संधी देतं, आणि धर्म, जात, लिंग यांच्याबरोबर "कूळ" या कारणावरूनही भेदभाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बाप सरकारी नोकर होता म्हणून मुलाला नोकरी, हे या कलमात बसत नाही. मग अनुकंपा नियुक्ती कशी दिली जाते? अपवाद म्हणून. कमावता माणूस अचानक गेला, घर उघड्यावर आलं, त्या पहिल्या धक्क्यातून कुटुंबाला सावरायचं, एवढ्यासाठी सरकारने स्वतःच्या धोरणाने ठेवलेली ही सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये उमेशकुमार नागपाल विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात हेच सांगितलं. मृताच्या पदासारखं पद मिळवून देणं हा योजनेचा हेतू नाही, आणि नोकरी द्यायची ती खालच्या दोन वर्गांतच. आजही देशभरातले निकाल त्या निकालाचा हवाला देऊन सुरू होतात.

या एका गोष्टीतून बाकीचे नियम निघतात. मदत तातडीची आहे, म्हणून अर्जाला मुदत आहे. मदत घराला आहे, म्हणून नोकरी लागणाऱ्याकडून बाकीच्यांना सांभाळण्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. आणि तो अपवाद आहे, म्हणून त्याला टक्केवारीची मर्यादा आहे.

कुटुंब निवृत्तिवेतन, मृत्यू उपदान, रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, गटविमा हे मात्र वेगळं खातं आहे. हे पैसे हक्काचे आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आणि नव्या पेन्शनमध्ये असलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पूर्वी "तुम्हाला काही नाही" असं ऐकवलं जायचं. राज्य सरकारने मार्च २०२३ मध्ये त्यांच्यासाठीही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदानाची सोय केली. तेव्हा हे पैसे आणि नोकरीचा अर्ज यांची गल्लत करू नका. दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवा.

पात्र कोण

राज्य सरकारची ही योजना १९७६ पासून आहे. तिचे नियम २६ ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयाने नव्याने बांधले गेले. त्यानंतर इतके जीआर निघाले, की २१ सप्टेंबर २०१७ ला ते सगळे एकत्र करून पुन्हा काढावे लागले. जुलै २०२५ मध्ये धोरणात पुन्हा सुधारणा झाली. कार्यालयात जाताना २०१७ चं संकलन आणि २०२५ चा निर्णय या दोन्हींच्या प्रती सोबत ठेवा. शासनाच्या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात. समोरचा लिपिक नवा असेल तर त्यालाही त्याचा उपयोग होतो.

पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, मृत्यूपूर्वी कायदेशीर दत्तक घेतलेलं मूल, मुलगा हयात नसेल तर विधवा सून, घटस्फोटित, परित्यक्ता किंवा विधवा मुलगी वा बहीण हे पात्र नातेवाईक. कर्मचारी अविवाहित असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेला भाऊ किंवा बहीणही पात्र. विवाहित मुलीचा रस्ता २६ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयाने खुला झाला. म्हणून "लग्न झालं, आता ती परक्याची" असं म्हणून मुलीचं नाव बाजूला काढू नका. विवाहित कर्मचाऱ्याच्या भावाचा मात्र यात हक्क नाही. धाकटा दीर "दादाच्या जागेवर मी लागतो, वहिनींना सांभाळतो" म्हणाला, तरी नियम त्याला ओळखत नाही. दुसऱ्या लग्नाचं मूल केवळ त्या कारणावरून नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रेल्वेच्या एका प्रकरणात सांगितलं आहे.

नोकरी गट क किंवा गट ड मध्ये मिळते. साध्या भाषेत लिपिक किंवा शिपाई या पातळीवर. पूर्वी गट अ आणि गट ब च्या अधिकाऱ्यांची कुटुंबं योजनेतच नव्हती. १ जानेवारी २०२० पासून सेवेत असताना गेलेल्या अधिकाऱ्यांची कुटुंबंही आली, पण त्यांच्या वारसांनाही पद गट क किंवा ड मधलंच.

एक अट अनेकांना ऐनवेळी कळते. ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य जन्मलं असेल तर ते कुटुंब योजनेतून बाद होतं. घरातल्या पहिल्या दोन मुलांचा यात काय दोष, हा प्रश्न मला प्रत्येक अशा फायलीच्या वेळी पडला. पण अट आहे, आणि त्यासाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात खोटं लिहिलं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते.

नाव कोणाचं द्यायचं

सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा, आणि बहुतेक घरांत सगळ्यात कमी विचार इथेच होतो.

कळव्यातलं एक घर धरा. नवरा जिल्ह्याच्या एका कार्यालयात शिपाई होता. तो गेला तेव्हा बायको ३६ वर्षांची, बारावी झालेली. मुलगा १३, मुलगी ९. बैठकीत मामा म्हणतात, "ताई, तू कुठे ऑफिसात पाण्याचे ग्लास उचलणार? पोरगा अठराचा झाला की त्याला लावू. तो क्लार्क होईल." सगळे माना डोलावतात. तिला विचारतं कोण?

आता हिशेब मांडू. मुलगा १८ चा व्हायला पाच वर्षं. सज्ञान झाल्यावर त्याला अर्ज करता येतो, पण यादीत नाव लागतं ते त्या दिवसापासून, वडील गेले त्या दिवसापासून नव्हे. मधल्या पाच वर्षांत अर्ज केलेली सगळी घरं त्याच्या पुढे. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर पदवी हवी, म्हणजे आणखी तीन वर्षं. एवढा काळ घर निवृत्तिवेतनावर काढायचं, भाडं, शाळा आणि सासूची औषधं त्यातूनच. उलट बायकोने आत्ता अर्ज केला तर तिचं नाव आत्ताच्या तारखेला लागतं. कमाल वय ४५, म्हणजे तिच्या हातात नऊ वर्षं आहेत. ती गट ड मध्ये लागली तर पगार सुरू होतो, मुलाला अकरावीतच नोकरीची चिंता करावी लागत नाही, आणि ती पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन पदोन्नतीने लिपिकही होऊ शकते.

न्यायालयांचा कलही लक्षात घ्या. हरियाणातला एक पोलीस कॉन्स्टेबल १९९७ मध्ये कर्तव्यावर असताना गेला, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्याने नोकरी मागितली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कुटुंब इतकी वर्षं तगलं, म्हणजे तातडीची गरज उरली नाही, असा त्यामागचा तर्क. महाराष्ट्राच्या नियमांत अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, वारसासाठी सोय आहे, हे खरं. पण हाताशी पात्र मोठं माणूस असताना नोकरी मुलासाठी राखून ठेवणं हा जुगार आहे. घर चालवण्याची वेळ आलेली बाई त्यात पणाला लागते.

बायकोचं वय ४३-४४ असेल, ती गंभीर आजारी असेल, तर गोष्ट वेगळी. मग घरात १९-२० वर्षांची मुलगी असेल तर तिचं नाव द्या. "मुलगी उद्या सासरी जाईल, नोकरीही घेऊन जाईल" ही भीती मी अनेकदा ऐकली. त्यासाठीच प्रतिज्ञापत्र असतं. नोकरी मिळवणाऱ्याने, मग तो मुलगा असो की मुलगी, आईला आणि भावंडांना सांभाळलं नाही तर सेवा धोक्यात येते. विधवा सुनेच्या बाबतीत सासरचे लोक आणखी एक भीती घालतात, की पुन्हा लग्न केलं तर नोकरी जाईल. केंद्र सरकारच्या सूचनांत तर स्पष्ट लिहिलेलं आहे की अनुकंपा तत्त्वावर लागलेली विधवा पुनर्विवाहानंतरही सेवेत राहू शकते.

ज्याचं नाव द्याल त्याला बाकीच्या पात्र वारसांचं ना हरकत लागतं. भांडण असेल तर फाईल तिथेच अडते, कार्यालय निवाडा करत बसत नाही. म्हणून घरातला वाद घरातच मिटवा, आणि ना हरकत सगळ्यांच्या सह्यांनिशी एकाच वेळी करून घ्या.

आणखी एक. गट ड चं पद एकदा स्वीकारलं, की "मी पदवीधर आहे, मला आता अनुकंपातून लिपिक करा" असं म्हणता येत नाही. अनुकंपेचा हक्क त्या एका नियुक्तीत संपतो, पुढची वाट पदोन्नतीची.

अर्ज आणि तारीख

२०१७ च्या संकलनात अर्जाची मुदत मृत्यूपासून एक वर्षाची आहे. अज्ञान मुलासाठी सज्ञान झाल्यापासून एक वर्षाची. उशीर माफ करून घेण्याची तरतूद असते, पण ती मंत्रालयापर्यंत जाणारी लांबची वाट. सुधारित धोरणात काय सवलत आहे याचा हिशेब करत बसू नका. वर्षाच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, असं धरून चाला.

प्रतीक्षासूचीतला क्रम परिपूर्ण अर्जाच्या तारखेवर ठरतो, आणि "परिपूर्ण" हा शब्द फार महाग पडतो. अर्ज मार्चमध्ये दिला, त्रुटीचं पत्र जूनमध्ये आलं, तुम्ही पूर्तता सप्टेंबरमध्ये केली, तर तुमची तारीख सप्टेंबर. मधल्या सहा महिन्यांत आलेली कुटुंबं तुमच्या पुढे गेली.

त्रुटी बहुतेक वेळा नावाची असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, शिधापत्रिकेवर घरात हाक मारतात ते, आणि सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात चौथंच काहीतरी. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र लागतं. ते आधीच मागवा, त्रुटीच्या पत्राची वाट पाहू नका. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, शिक्षणाचे आणि वयाचे दाखले, जातीचा दाखला असल्यास तो, लहान कुटुंबाचं आणि सांभाळ करण्याचं प्रतिज्ञापत्र, ना हरकत हे सगळं एकाच गठ्ठ्यात द्या.

टेबलासमोर काय होतं तेही सांगतो. अर्ज हातात घेऊन लिपिक म्हणतो, "ठेवून जा, साहेब आले की दाखवतो." माणूस वाईट नसतो, त्याच्यासमोर ढीग असतो. पण ठेवून जाऊ नका. दोन प्रती न्या, आवक-जावक शाखेत जा, तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. तो शिक्का फिका उठला तर पुन्हा मारून मागा. पाच वर्षांनी वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा तेवढाच असतो. मूळ कागद देऊ नका, साक्षांकित प्रती द्या.

खरं तर योजनेची माहिती कुटुंबाला देणं आणि दिल्याची पोच घेणं, ही कार्यालयाचीच जबाबदारी आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद गोळा करताना हे सांगायचं असतं. अनेक ठिकाणी सांगतही नाहीत. उशीर माफ करून घ्यायची वेळ आली तर "आम्हाला माहिती दिली गेली नाही, अशी पोच कार्यालयाच्या दप्तरी नाही" हा मुद्दा अर्जात जरूर लिहा.

आणि जे आज नोकरीत आहेत त्यांच्यासाठी, वर्षातून एकदा आपलं सेवापुस्तक उघडून पाहा. नामनिर्देशन लग्नाआधीचं, आईच्या नावाचं राहिलेलं असतं. मुलांची नावं नोंदलेली नसतात. हे दुरुस्त करायला एक अर्ज पुरतो. तुमच्यामागे घरच्यांना तेच काम करायला वर्ष जातं.

यादी कशी सरकते

सरळसेवेने, म्हणजे पदोन्नतीने नव्हे तर थेट भरतीने, भरायच्या जागांपैकी ठराविक टक्के जागा अनुकंपासाठी असतात. ही मर्यादा आधी ५ टक्के होती, मग १० झाली, २०१९ मध्ये ती २० टक्क्यांवर नेली. समजा एखाद्या वर्षी जिल्ह्यात लिपिकांच्या सरळसेवेच्या ५० जागा भरायच्या आहेत, तर अनुकंपाला दहा. यादीत दोनशे नावं असतील तर गणित तुम्हीच करा. भरतीच निघाली नाही तर तेवढंही नाही. यादी वर्षानुवर्षं हलत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा रखडलेल्या भरतीत असतं. तुमच्या फायलीवर कोणी बसलेलं असतंच असं नाही.

इथे मला सरकारविषयी स्पष्ट बोलायचं आहे. कुटुंबाने उशीर केला तर "तातडीची गरज उरली नाही" म्हणून अर्ज फेटाळतात. कुटुंबाने वेळेत अर्ज केला आणि नाव यादीत आठ-दहा वर्षं पडून राहिलं, तर त्या उशिराचा हिशेब कोणी देत नाही. उमेदवार ४५ चा झाला की नाव कमी होतं. पूर्वी यादीतल्या उमेदवाराऐवजी घरातल्या दुसऱ्याचं नाव घालताही येत नव्हतं, उमेदवाराचा मृत्यू झाला तरच ती मुभा. २० मे २०१५ च्या निर्णयातली ही अट मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मे २०२४ मध्ये समर्थनीय मानली नाही, आणि जुलै २०२५ च्या सुधारित धोरणात सरकारनेही नावबदलाची वाट मोकळी केली. ज्या घरात आई ४५ च्या जवळ आली आहे, तिथे हा बदल सोन्यासारखा आहे. वय उलटायची वाट न पाहता लेखी अर्ज द्या.

सरकारने मनावर घेतलं तर यादी हलते, हेही दिसलं. ४ ऑक्टोबर २०२५ ला राज्यभरात एकाच दिवशी दहा हजारांहून अधिक नियुक्तिपत्रं वाटली गेली, त्यांतली जवळपास निम्मी अनुकंपाची होती. असं दरवर्षी का होऊ नये?

आपला क्रमांक कितवा आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर. यादीची प्रत, आपला क्रमांक, गेल्या तीन वर्षांत भरलेली पदं आणि त्यांतली अनुकंपाची पदं, एवढं मागा. "यादीत वर घेतो, एवढे द्या" म्हणणाऱ्याला मात्र एक पैसाही देऊ नका. क्रम तारखेने लागतो, तो पैशाने बदलत नाही.

कार्यालय बदललं की नियम बदलतो

राज्य सरकारच्या जिल्ह्यातल्या कार्यालयांसाठी सामायिक प्रतीक्षासूची जिल्हाधिकारी कार्यालयात असते. जिल्हा परिषदेची यादी तिची तिची, महापालिकांची त्यांची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या जुन्या प्रकरणांत नाव नेमकं कोणत्या यादीत गेलं, हे खात्री करून घ्या.

महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. त्यात निवृत्तीनंतरही वारसाला लावता येतं. त्याचे नियम २४ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात एकत्र केलेले आहेत. ते अनुकंपाहून पूर्ण वेगळं प्रकरण, अर्जावर कोणतं लिहिता ते नीट पाहा. केंद्र सरकारच्या कार्यालयांत गट क च्या सरळसेवेच्या ५ टक्के जागा असतात, आणि तिथे घराची परिस्थिती गुणांवर मोजतात. रेल्वेची पद्धत आणखी वेगळी, तिथे वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी येऊन चौकशी करतो.

आणि कंत्राटी कामगार. नवी मुंबईत कचरा, पाणी, उद्यानं यांची केवढी कामं कंत्राटी माणसांच्या हातांनी चालतात! त्यांच्या कुटुंबांना अनुकंपा नियुक्ती नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. पण त्यांचा पीएफ कापला जात असेल तर पीएफ कार्यालयातून विधवेला आणि मुलांना पेन्शन मिळते, आणि पीएफशी जोडलेल्या ईडीएलआय विम्याचे सात लाखांपर्यंत पैसे मिळू शकतात. ठेकेदार हे सांगत नाही. पगाराची पावती आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, शोधून ठेवा.

नकार आला तर तो लेखी घ्या. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येतं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. जिल्हा परिषद आणि महापालिकेची प्रकरणं मॅटकडे जात नाहीत, त्यासाठी थेट उच्च न्यायालय. मॅटची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची आहे. कार्यालय उत्तरच देत नसेल, तर निवेदन देऊन सहा महिने थांबायचं आणि त्यानंतरच्या एका वर्षात जायचं. त्या निवेदनाचीही पोच घ्या, कारण मुदत तिच्या तारखेवरूनच मोजली जाईल.